निर्वाताच्या भरवशावर सायकल : सक्शन रॅकच्या प्रश्नाचा आढावा

मोटारीच्या टपावर किंवा मागच्या काचेवर, कोणताही स्क्रू वा पकड न वापरता, केवळ रबरी चकत्यांखालची हवा हातपंपाने उपसून सायकल बसवावी आणि त्याच अवस्थेत शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास धाडसाची वाटते. आणि जो ती नित्य वापरतो त्यास ती अल्पावधीत इतकी स्वाभाविक वाटू लागते की तिच्याविषयी शंका घेणारा मनुष्य त्याला विनाकारण भित्रा भासतो. या दोन मनोवृत्तींमध्ये सायकलस्वारांत व मोटारधारकांत जो वाद चालत आला आहे, त्यातील दोन्ही पक्षांची कैफियत मांडून, त्याचा कोणता भाग निकालात निघाला आणि कोणता अद्याप खुला आहे हे पाहण्याचे येथे योजिले आहे. माझे मत आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. चकत्यांच्या ताकदीविषयीचा वाद बहुतांशी मिटलेला आहे. त्या ताकदीवर प्रवासभर पहारा कोणी व कसा ठेवावयाचा, हा प्रश्न मात्र मिटलेला नाही, आणि वादाचा बराचसा वेळ पहिल्याच प्रश्नावर खर्ची पडत आला आहे.

पार्श्वभूमी

मोटारीवर सायकल नेण्याची सोय करणारा उद्योग मोटारीच्या रचनेवर सर्वस्वी अवलंबून राहिलेला आहे. स्वीडनमधील हिलरस्टॉर्प येथे 1942 साली एरिक थुलिन यांनी ज्या थुले कंपनीचा पाया घातला, तिने पुढे टपावरच्या कॅरियरच्या धंद्यात जगभर नाव मिळवले. त्या काळातील मोटारींच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असे, आणि कॅरियरचे पाय त्या पन्हळीत घट्ट आवळता येत. वाऱ्याचा विरोध कमी करण्याच्या ध्यासाने मोटारींची अंगे जसजशी गुळगुळीत होत गेली (1982 सालच्या आउडी 100 या गाडीच्या काचासुद्धा दारांच्या पृष्ठभागाशी समतल बसवलेल्या होत्या) तसतशी ही पन्हळ लोप पावली, आणि प्रत्येक गाडीसाठी निराळी पकड घडवणे कॅरियरवाल्यांस भाग पडले. पुढे टपाचा मोठा भाग काचेचाच करण्याची रीत आली. दोन आसनी वेगवान गाड्या व उघड्या टपाच्या गाड्या यांना तर आडव्या दांड्या बसवण्याची जागाच नसते.

याला पर्याय दोन होते. एक, गाडीच्या मागे ओढणीचा आकडा बसवून त्यावर सायकली टांगणे. अमेरिकेत व युरोपात ही वहिवाट रूढ आहे, आपल्याकडे मात्र खाजगी गाडीस असा आकडा क्वचितच आढळतो. दुसरा, डिकीच्या झाकणावर पट्ट्यांनी कसलेला सांगाडा. तो स्वस्त असला तरी रंगाला घासतो, आणि सायकल वाहनाच्या क्रमांकाची पाटी व मागचे दिवे झाकून टाकते. सक्शन रॅकचा जन्म या अडचणीतून झाला.

चकतीखालची हवा उपसून वस्तू धरून ठेवण्याची विद्या त्यापूर्वीच व्यवहारात मुरलेली होती. काचकामगार मोठाल्या काचा अशाच चकत्यांनी उचलतात. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील लॉरेल या गावी वूड्स पॉवर-ग्रिप ही कंपनी त्यांच्यासाठी हातपंपाच्या चकत्या बनवते, आणि निर्वात कमी झाल्यास पंपाच्या दट्ट्यावरची लाल रेघ उघडी पडावी अशी योजना त्यांत असते. चित्रपटांच्या छायाचित्रणात धावत्या मोटारीच्या बाहेरच्या अंगावर कॅमेरा बसवणारे कारागीरही अशाच चकत्या वापरतात. सायकलींच्या बाबतीत ही कल्पना लोकप्रिय करण्याचे श्रेय मुख्यतः फ्लोरिडातील ब्रेडेंटन येथील सीसकर या कंपनीकडे जाते. तिचा मूळ व्यवसाय नौकांवर निरनिराळी उपकरणे बसवण्याच्या साधनांचा होता, आणि नौकेच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून चकती मोटारीच्या टपावर आली. आज याच नमुन्याच्या स्वस्त प्रतिकृतीही बाजारात विपुल आहेत, आणि वादातील पुष्कळसा गोंधळ सर्व चकत्यांना एकाच मापाने मोजल्यामुळे होतो हे येथेच सांगितले पाहिजे.

रचना आणि तिच्यामागील तत्त्व

रॅकची घडण साधी आहे. सायकलचे पुढचे चाक काढून तिचा चिमटा एका आडव्या तुळईवरच्या पकडीत अडकवतात. त्या तुळईखाली तीन-चार चकत्या असतात, आणि मागचे चाक स्वतंत्र चकतीवरच्या पट्ट्याने बांधतात. प्रत्येक चकतीच्या बाजूला लहानसा दट्ट्या असून तो वारंवार दाबला की आतली हवा बाहेर जाते व झडप ती परत येऊ देत नाही. दट्ट्यावरची नारिंगी पट्टी दिसेनाशी झाली म्हणजे निर्वात पुरेसा झाला असे समजावयाचे. ती पुन्हा दिसू लागली की पंप पुन्हा चालवावयाचा.

चकती गाडीला आतून ओढून धरीत नाही, बाहेरचे वातावरण तिला दाबून धरते. ऑटो फॉन गेरिके या जर्मन पंडिताने 1657 साली माग्देबुर्ग येथे धातूचे दोन अर्धगोल जोडून व त्यांतील हवा काढून घेऊन, घोड्यांच्या जोड्यांनाही ते विलग करता येत नाहीत असे दाखवले, तेव्हापासून हे तत्त्व सर्वश्रुत आहे. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार सुमारे 1.03 किलो असतो. 15 सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे 177 चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे तिच्याखाली संपूर्ण निर्वात झाला तर ती 182 किलोंपर्यंतचा ताण सोसेल. सीसकर कंपनी याच मापाच्या एका चकतीची ताकद 210 पौंड, म्हणजे सुमारे 95 किलो, सांगते. हा आकडा सैद्धांतिक मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास असल्यामुळे तो फुगवलेला आहे असे म्हणता येत नाही.

समर्थकांची बाजू

समर्थकांचा पहिला व सर्वांत सबळ आधार या आकड्यांचाच आहे. चांगल्या सायकलचे वजन 8 ते 12 किलो. त्यात वाऱ्याचा रेटा मिळवला पाहिजे. सायकलचे वाऱ्याला अडवणारे प्रभावी क्षेत्र 0.3 चौरस मीटर धरले तर ताशी 80 किलोमीटर वेगास हा रेटा सुमारे 9 किलो, 100 किलोमीटरला 14 किलो आणि 120 किलोमीटरला 20 किलो भरतो. हा रेटा टपापासून बराच उंचावर लागत असल्यामुळे तो पुढच्या चकत्यांना उचलू पाहतो. तरीही त्यांवर येणारा ताण त्यांच्या घोषित ताकदीच्या अल्पांशाएवढाच राहतो. उचलण्याच्या यंत्रांसाठी युरोपात जे ईएन 13155 हे मानक आहे ते निर्वातावर चालणाऱ्या साधनांकडून कार्यभाराच्या दुप्पट ताकदीची अपेक्षा करते. तोच दंडक येथे लावून 95 चे निम्मे केले, तरी चार चकत्यांची बेरीज 190 किलोंच्या घरात जाते. चकती मुळातच कमजोर आहे हा आक्षेप या हिशेबापुढे टिकत नाही, आणि तो सोडून देणे साशंकांच्याही हिताचे आहे.

दुसरा मुद्दा सर्वव्यापकतेचा. भाड्याची गाडी असो, काचेच्या टपाची असो, वा दोन आसनांची असो, काही मिनिटांत रॅक बसतो, काही सेकंदांत निघतो, आणि काढल्यावर कपाटात मावतो. इमारतीतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या सायकलस्वारास ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगावयास नको. या सोयीला इंधनाच्या काटकसरीचीही जोड आहे. कायमच्या दांड्या रिकाम्या असतानाही वारा अडवीत राहतात. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या सहभागाने झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 2015 या एका वर्षात अमेरिकेतील टपावरच्या कॅरियरांमुळे सुमारे 10 कोटी गॅलन पेट्रोल अधिक जळाले असा अंदाज वर्तवला होता. जे साधन काम संपताच काढून ठेवण्यासाठीच बनले आहे, त्याची बाजू येथे निर्विवादपणे वरचढ ठरते.

साशंकांची बाजू

साशंकांतील विचारी मंडळी ताकदीचा प्रश्न उपस्थितच करीत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, लोखंडी पकड सैल होऊ लागली तर ती वाजते, हलते, दिसते. निर्वात कमी होत असताना मात्र बाहेरून काहीच बदल जाणवत नाही, आणि जो एकमेव इशारा आहे तो, म्हणजे दट्ट्यावरची पट्टी, टपावर असल्यामुळे चालकाच्या दृष्टीस पडत नाही. ज्या घरच्या मंडळींनी पहाटे सायकली चढवल्या व मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर न थांबता प्रवास केला, त्यांच्या दृष्टीने तो इशारा अस्तित्वातच नसतो.

यावर समर्थक उत्तर देतात की चकत्या चार आहेत, प्रत्येकीची झडप स्वतंत्र आहे, आणि एक निकामी झाली तरी उरलेल्या तीन भार सांभाळतील. हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि वादाचा खरा गाभा येथे असल्यामुळे थोडे थांबून ते तपासले पाहिजे. एखाद्या झडपेत दोष असेल, एखाद्या चकतीच्या कडेखाली वाळूचा कण अडकला असेल, तर तो दोष तिच्यापुरताच राहतो, आणि चारांची तजवीज त्याविरुद्ध उत्तम जामीन आहे. परंतु काही कारणे अशी आहेत की ती चारही चकत्यांवर एकाच वेळी अंमल करतात. उन्हात उभ्या राहिलेल्या काळ्या टपाचा पत्रा हात न ठेववण्याइतका तापतो व रबर मऊ पडते; थंडीत तेच रबर ताठर होऊन पृष्ठभागाशी नीट मिळत नाही; एकाच दिवशी विकत घेतलेल्या चारही चकत्या एकाच वेगाने जुन्या होतात. गाडीवर रंगरक्षक पारदर्शक पापुद्रा चढवलेला असेल तर चकती त्या पापुद्र्याला धरते आणि पापुद्रा गोंदाने गाडीला धरतो. मग साखळीतील सर्वांत दुबळी कडी गोंदाची ठरते. अपघातानंतर पुट्टी भरून पुन्हा रंगवलेल्या टपाचीही हीच अवस्था, आणि आपल्याकडे जुनी गाडी घेणाऱ्यास तिच्या टपाचा हा पूर्वेतिहास बहुधा ठाऊक नसतो.

पृष्ठभागाविषयी आणखी दोन गोष्टी. टपाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो व चकतीच्या ताणाने किंचित वर-खाली होतो; खड्डे आणि गतिरोधक यांच्यामुळे ही हालचाल हजारो वेळा घडते. शिवाय आपल्याकडच्या अनेक दणकट गाड्यांच्या टपावर मजबुतीसाठी उठावदार पट्ट्या काढलेल्या असतात, तेथे 15 सेंटिमीटरचे सपाट वर्तुळ मिळणेच मुश्कील. मागच्या उभ्या काचेवर चकती लावली तर भार तिला सरळ ओढीत नाही, खाली सरकवतो. तेथे चकतीची सारी भिस्त घर्षणावर राहते, आणि ओल्या वा मेण चढवलेल्या पृष्ठभागावर घर्षण किती उरते याचा भरवसा नसतो.

घाटमाथ्याचा हिशेब

चारही चकत्यांवर एकाच वेळी अंमल करणाऱ्या कारणांत आणखी एक कारण असे आहे की ज्याकडे दोन्ही पक्षांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या सायकलस्वारांस ते विशेष लागू पडते. चकतीला दाबून धरणारी शक्ती म्हणजे बाहेरचा दाब वजा आत उरलेला दाब. उंचीबरोबर बाहेरचा दाब घटतो, आतला मात्र समुद्रकाठी जेवढा उरला होता तेवढाच राहतो. मुंबईत चकती लावताना आतली निम्मी हवा काढली असे धरू. तेव्हा 15 सेंटिमीटरच्या चकतीची ताकद सुमारे 91 किलो होईल. ती तशीच, पुन्हा पंप न करता, सुमारे 1,350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरास नेली, तर बाहेरचा दाब सुमारे 15 टक्क्यांनी उतरल्यामुळे ताकद 64 किलोंच्या आसपास येईल. म्हणजे हवेत घट सातव्या हिश्शाची आणि ताकदीत जवळजवळ तिसऱ्या हिश्शाची. हीच गाडी लडाखात 5,359 मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीपर्यंत गेली, जेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, तर आतला व बाहेरचा दाब जवळपास समान होऊन चकती केवळ बसलेली राहील, धरलेली राहणार नाही.

अमेरिकेत समुद्रकिनाऱ्यापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाणारी रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत, जी 2015 साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी पूर्ण केल्यामुळे मराठी वाचकांस परिचित आहे, कोलोरॅडोतील 3,309 मीटर उंचीच्या वुल्फ क्रीक खिंडीतून जाते आणि तिच्यात पाठीराख्यांच्या मोटारी सायकलींसह सर्व मार्ग चालतात. तेथे या हिशेबाने 91 चे 30 किलो उरतील. अर्थात वर पोहोचल्यावर दट्ट्या पुन्हा चालवला की आतली हवा आणखी कमी होते व परिस्थिती पुष्कळ सुधारते, आणि पट्टीचा इशाराही आत-बाहेरच्या दाबातला फरकच दाखवीत असल्यामुळे तो अशा वेळी खरा ठरतो. उलट, घाटमाथ्यावर लावलेली चकती कोकणात उतरताना अधिकच घट्ट होते. निष्कर्ष निघतो तो इतकाच की घाट चढल्यावर थांबून पंप करणे हा सक्शन रॅकच्या वापराचा अनिवार्य भाग आहे, आणि तो शिरस्ता म्हणून प्रत्येक वापरणाऱ्याच्या अंगी बाणला पाहिजे.

मधला मार्ग

दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा पक्ष आहे, आणि माझा कल त्याच्याकडे आहे. चित्रपटातील कारागीर चकतीवर कॅमेरा बसवतात तेव्हा शिवाय पट्ट्यांनी तो गाडीला बांधतातच. चकती जागा धरते, आणि ती सुटलीच तर पट्टा वस्तू रस्त्यावर पडू देत नाही. सायकलच्या बाबतीत दारातून किंवा खिडकीतून आत घेतलेला मजबूत पट्टा किंवा दोर हेच काम करू शकतो. चोरीला आळा घालण्यासाठी काही लोक खिडकीच्या काचेत अडकवलेली तार वापरतात, तीही या कामी थोडीफार उपयोगी पडते, जरी तिचा मूळ उद्देश निराळा आहे. या पक्षाचे म्हणणे असे की चकत्या पुसून, पृष्ठभाग ओल्या फडक्याने स्वच्छ करून, एकच हलकी सायकल न्यावी. वेग बेताचा ठेवावा. दर मुक्कामी व दर विश्रांतीला दट्ट्यांवरच्या पट्ट्या तपासाव्यात. गाडी रात्रभर उभी असेल तर रॅक काढून ठेवावा. पुणे ते गोवा या डेक्कन क्लिफहँगरसारख्या शर्यतीतली पाठीराखी गाडी मुळातच वारंवार थांबते, त्यामुळे तेथे ही तपासणी अनायासे होते. सहलीला निघालेल्या कुटुंबाला ती मुद्दाम करावी लागते.

समर्थकांतील कडवे लोक या पट्ट्याला अविश्वासाचे चिन्ह मानतात. पण पट्ट्याने सोय रतिभरही कमी होत नाही, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाचा प्रश्न असताना पट्ट्याविरुद्धचा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही.

कायदा आणि हमी

मोटार बनवणारे अनेक कारखानदार आपल्या पुस्तिकांत मान्यताप्राप्त कॅरियरच वापरण्याची सूचना देतात आणि टपावरच्या भाराची मर्यादा ठरवून देतात. चकतीच्या ताणाने काचेचा टप तडकला वा पत्रा पोचला तर हमी लागू राहील काय, हा तंटा म्हणून प्रत्येक गाडीच्या दस्तऐवजावर अवलंबून राहतो. भारतात 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीत नमूद असलेल्या मूळ रचनेत फरक करण्यास मनाई करते. सुटा होणारा व गाडीवर मागे काहीही न ठेवणारा रॅक हा रचनेतला फरक ठरू नये असा युक्तिवाद सबळ आहे. परंतु 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 मध्ये जोडलेल्या पोटकलमानुसार भार गाडीच्या बाजूस, पुढे, मागे वा उंचीत अनुज्ञेय मर्यादेबाहेर गेल्यास 20,000 रुपये दंडाची तरतूद आहे, आणि 1989 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे क्रमांकाची पाटी नेहमी स्पष्ट दिसली पाहिजे. टपावर, गाडीच्या रुंदीच्या आत बसवलेली सायकल या दोन्ही कसोट्यांवर मागच्या काचेवरच्या सायकलीपेक्षा सुरक्षित जागी आहे. सायकल निसटून तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तर विम्याची जबाबदारी कितपत पोचते, आणि चालकाने पट्टी तपासली नव्हती ही हयगय त्यात किती मोजली जाते, हे मात्र प्रत्येक प्रकरणाच्या पुराव्यावर सोडावे लागते.

जे अद्याप अनिर्णित आहे

टपावरच्या कॅरियरांसाठी आयएसओ 11154 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि पकडीने बसणाऱ्या कॅरियरची परीक्षा कशी घ्यावी याची वाट त्यामुळे मळलेली आहे. चकतीची परीक्षा मात्र निराळ्या धर्तीवर घ्यावी लागेल, कारण पकडीचा प्रश्न ती किती ताण सोसते हा असतो, तर चकतीचा प्रश्न ती तो ताण किती तास, किती उष्णतेत, कोणत्या उंचीवर व किती वर्षे जुन्या रबराने सोसते हा आहे. उत्पादक ताकदीचा आकडा ठळकपणे छापतात. चकती किती दिवसांनी बदलावी याविषयीचा आकडा ग्राहकास त्याहून अधिक गरजेचा आहे. विजेवर चालणाऱ्या सायकलींनी या प्रश्नाला नवी धार आणली आहे, कारण त्यांचे वजन 20 ते 25 किलोंच्या घरात जाते व त्या टपावर चढवणे हेच एकट्या माणसाला जड पडते. दट्ट्यावरच्या पट्टीऐवजी दाबाची नोंद चालकापुढे आणणारे उपकरण बसवता येईल काय, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. कारखान्यांतील निर्वात-यंत्रांना धोक्याची सूचना देणारी योजना असते, तेव्हा तांत्रिक अडचण फारशी दिसत नाही.

अशी परीक्षा घेण्यास लागणारी सामग्री दुर्मिळ नाही. रंगवलेला, पापुद्रा चढवलेला आणि पुट्टी भरून पुन्हा रंगवलेला असे टपाचे तीन नमुने घ्यावेत. महागडी व स्वस्त, नवी व उन्हात मुरलेली अशा चकत्या त्यांवर लावाव्यात. नमुने तापवावेत, थंड करावेत, हादरवावेत, हवेचा दाब घाटमाथ्याइतका उतरवावा, आणि प्रत्येक चकतीची पट्टी कितव्या तासाला उघडी पडते ते टिपावे. पुण्यात 1966 पासून कार्यरत असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या परीक्षेचे काम करते; अशा संस्थेने एकदा हे तक्ते तयार करून प्रसिद्ध केले, तर दर किती किलोमीटरला थांबून पंप करावा, या प्रश्नाचे उत्तर आज जे ज्याच्या त्याच्या अंदाजावर सोडलेले आहे ते रॅकच्या खोक्यावर छापता येईल.